बटणाचा फोन सोडतांना

मिरज जंक्शन हें रेल्वेच्या इतिहासांत एका विशेष कारणासाठीं ध्यानांत राहण्याजोगें आहे. पुण्याहून मिरजेस येणारा लोहमार्ग प्रथम मीटर मापाचा, म्हणजे दोन रुळांत ३ फूट ३⅜ इंच अंतर असलेला होता. १९७१ सालीं तो ५ फूट ६ इंचांचा रुंद झाला. लोंढ्याकडे जाणारा मार्ग त्यानंतरही बरीच वर्षें मीटर मापाचाच राहिला. आणि पंढरपुराकडून येणारी जुन्या बार्शी लाइट रेल्वेची गाडी तर २ फूट ६ इंचांच्या अरुंद रुळांवरून डुलत येई. तीन मापें एकाच स्थानकांत! मापाची ही हद्द ओलांडणारी गुळाची ढेप असो कीं हळदीचें पोतें असो, एका डब्यांतून काढून दुसऱ्या डब्यांत भरल्यावांचून पुढें जात नसे. हमालांस त्यांत काम मिळे, व्यापाऱ्यास खर्च पडे, आणि प्रवासी बिचारा वळकटीवर बसून जांभया देई. डबे चांगले होते, एंजिनेंही चांगलीं होतीं. अडचण होती ती केवळ मापाची.

गेल्या पंधरा-सतरा वर्षांत सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या घराघरांत जो एक प्रश्न येऊन बसला, तोही मूलतः मापाचाच होता. बटणाचा साधा फोन टाकून स्मार्टफोन घ्यावयाचा, तर तो कोणत्या प्रणालीचा घ्यावा? दुकानदार किंमत सांगे, मुलगा कॅमेऱ्याचें कौतुक करी, जांवई आपल्याच फोनची शिफारस करी. पण ही निवड डब्याची नसून रुळाच्या मापाची आहे, हें फारच थोड्यांच्या ध्यानीं आलें.

दूरच्या माणसाशीं बोलण्याची गरज या भागास नेहमींच मोठी होती. विटें, आटपाडी, तासगांव, खटाव या टापूंतील गलाई मंडळी सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं केरळापासून बंगालपर्यंत पसरलेली. पाटण-जावळीचे हजारों लोक मुंबईस माथाडी कामांत. सैन्यांत तर सातारा जिल्ह्याचा वांटा इतका कीं, आपशिंगे या गांवाच्या नांवास ‘मिलिटरी’ हें पदच चिकटलें आहे. अशा घरांना मनीऑर्डर आणि पोस्टकार्ड यांवर पिढ्यान् पिढ्या भागवावें लागलें. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहणें हें जन्ममरणाच्या वार्तेपुरतें. १९८० नंतरच्या दशकांत एस्.टी.डी.च्या पिवळ्या पाट्या लागल्या, आणि रात्रीं उशिरां दर उतरतात म्हणून जेवणें आटोपल्यावर बाजारपेठेंत बूथसमोर रांगा दिसूं लागल्या. गंगटोक किंवा कोचीन येथील माणसाशीं तीन मिनिटें बोलून परतलेल्या आईच्या चेहऱ्यावर चार दिवसांचें समाधान दिसे.

हिंदुस्थानांतील पहिलें मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. ज्योति बसू कलकत्त्याहून बोलले आणि दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांनीं तें ऐकलें. मुंबई वगळून उरलेल्या महाराष्ट्रांत पुढें ‘आयडिया’ या नांवानें ओळखली गेलेली बिर्लांची कंपनी आणि बीपीएल या दोघांनीं प्रथम पाय रोवले. येणाऱ्या फोनालाही तेव्हां पैसे पडत. म्हणून ‘मिस्ड कॉल’ नांवाची एक नवीच भाषा जन्मास आली: एक घंटी म्हणजे सुखरूप पोंचलों, दोन म्हणजे घरच्यांनीं उलट फोन करावा. २००३ सालीं येणारे फोन मोफत झाले, तरी ही भाषा मात्र कित्येक वर्षें सुटली नाहीं.

त्याच वर्षीं पहिला फांटा फुटला. रिलायन्सनें ५०१ रुपये भरून फोन हातीं देण्याची योजना काढली आणि गांवोगांव झुंबड उडाली. तो फोन सीडीएमए पद्धतीचा होता. त्यांत दुसऱ्या कंपनीचें सिम घालण्याची सोयच नव्हती. फोन आणि कंपनी यांची लग्नगांठ कायमची. शेजारच्या जीएसएम फोनमध्यें मात्र सिम बदललें कीं कंपनी बदले. स्वस्त मिळालेली वस्तु कोणत्या खुंटीला बांधलेली आहे हें पाहावें, हा धडा खरें म्हणजे तेव्हांच मिळावयास हवा होता. २०१७ पर्यंत देशांतील सीडीएमए सेवा जवळजवळ आटोपली, आणि तीं यंत्रें लहान मुलांच्या खेळण्यांत जमा झालीं.

ज्या साध्या फोनला लोक अद्यापि हळहळून आठवतात तो नोकियाचा ११०० हा नमुना २००३ चाच. त्याच्या डोक्यावर बॅटरी होती, बटणांवर धूळ न शिरूं देणारें रबरी आच्छादन होतें. माण-खटावच्या धुळींत, आणि रात्रपाळीच्या विजेवर विहिरीची मोटार चालूं करण्यासाठीं अंधारांतून जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातांत, त्या फोनचा उजेड कंदिलाच्या जागीं आला. चार्जर शेजाऱ्याचाही चाले. पडला तर त्याचे तीन तुकडे होत आणि ते पुन्हां बसवले कीं फोन सुरू होई. त्याला एकच गोष्ट नीट येत नव्हती, ती म्हणजे मराठी.

ही गोष्ट थोडी खोलांत जाऊन पाहण्याजोगी आहे. मोबाइलवरील एका लघुसंदेशांत रोमन लिपीचीं १६० अक्षरें मावत. तोच संदेश देवनागरींत लिहिला तर मर्यादा ७० वर येई, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास यंत्र दुप्पटीहून अधिक जागा देई. शिवाय काना, मात्रा, वेलांटी हीं सारीं निरनिराळीं मोजलीं जात. ‘खुशाली’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा. यंत्राच्या हिशेबीं सहा चिन्हांचा. म्हणजे आईची खुशाली मराठींत विचारावयाची तर एका संदेशाच्या ठिकाणीं दोन-तीन संदेशांचे पैसे. ज्यांना रोमन लिपी येत होती त्यांनीं मराठी रोमन लिपींत लिहिण्यास आरंभ केला. ज्यांना येत नव्हती, आणि त्यांत घरांतील बहुतेक वडीलधाऱ्या स्त्रिया आल्या, त्या लेखनाच्या या नव्या व्यवहाराबाहेरच राहिल्या. सातारकर छत्रपतींच्या काळचे मोडी कागद वाचणारे आज हातांच्या बोटांवर मोजावे लागतात; लिपी बदलली कीं कोण बाहेर पडतो याचा अनुभव या भूमीस नवा नाहीं.

स्मार्टफोन आला तो या पार्श्वभूमीवर. ऍपलचा आयफोन २२ ऑगस्ट २००८ रोजीं भारतांत विक्रीस आला, तेव्हां त्याची किंमत ३१,००० रुपयांपासून पुढें होती. त्या पैशांत तेव्हां दोन दुभत्या गाई आल्या असत्या, हा हिशेब खेड्यांत कोणीतरी केलाच असेल. गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीचे फोन वर्षभरांत मागोमाग आले. परंतु २००८ ते २०१३ या काळांत रस्ते दोनच नव्हते. नोकियाची सिम्बियन होती, कचेऱ्यांतील साहेबलोकांची ब्लॅकबेरी होती, आणि २०११ मध्यें नोकियानें मायक्रोसॉफ्टशीं हातमिळवणी केल्यावर रंगीबेरंगी चौकोनांची विंडोज प्रणालीही आली. जुन्या नोकियावर विश्वास ठेवणाऱ्या घरांनीं नव्या नोकियावरही तो ठेवला, यांत त्यांना दोष देण्याजोगें कांहीं नाहीं. ल्यूमिया फोनची घडण उत्तम होती. पण ज्या रुळावर तो धावत होता त्या रुळावर नवे डबे कोणी जोडीत नव्हतें. बँकांनीं, वर्तमानपत्रांनीं, खेळ बनविणारांनीं आपलीं ॲपें प्रथम अँड्रॉइड आणि आयफोन यांसाठीं काढलीं. विंडोजसाठीं नंतर काढूं म्हणत तीं निघालीं नाहींत.

शेवटचा घाव व्हॉट्सॲपनें घातला. गलाई मंडळींचे कुटुंबगट, द्राक्षबागाइतदारांचे फवारणीच्या सल्ल्याचे गट, सैनिकांच्या वर्गमित्रांचे गट, सारें जग त्या एका हिरव्या चौकटींत येऊन वसलें होतें. २०१७ च्या जूनअखेर सिम्बियनवर व्हॉट्सॲप बंद झालें. त्याच वर्षअखेर ब्लॅकबेरीवर, २०१८ अखेर नोकियाच्या साध्या एस-४० फोनांवर, आणि २०१९ अखेर विंडोजवर. फोन धडधाकट असतांना त्यांतलें गांव उठून गेलें. नोटाबंदी लोकांनीं एकदां पाहिली. या प्रणालींच्या ग्राहकांनीं तिची छोटी आवृत्ति आपल्या खिशांत पाहिली, आणि तिला मुदतही मिळाली तरी बदलून मिळणारें नाणें मात्र त्यांनाच विकत घ्यावें लागलें.

दरम्यान मराठीची कथा पुढें सरकत होती. अँड्रॉइडच्या आरंभींच्या आवृत्त्यांत देवनागरी मजकुराच्या जागीं बहुधा रिकाम्या चौकटी दिसत. दिसलें तरी वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. ऍपलच्या यंत्रावर अक्षर त्या मानानें लवकर नीट उमटूं लागलें, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. तथापि मराठीची खरी कसोटी हिंदीच्या कसोटीहून वेगळी आहे, आणि योगायोग असा कीं, ती या जिल्ह्याच्या नांवांतच दडलेली आहे. ‘सातारा’ हिंदी कळफलकानें लिहितां येईल. ‘साताऱ्याला’ लिहितां येईलच असें नाहीं. त्यांतला अर्धा ‘ऱ’ हिंदींत लागत नाहीं, म्हणून तो पुष्कळ कळफलकांवर नव्हताच. ‘कऱ्हाड’ या गांवाची तीच गत. ज्या यंत्राला ‘कऱ्हाड’ लिहितां येत नाहीं त्यावर कऱ्हाडकरानें पत्र काय लिहावें? ही वैयाकरणाची किरकोळ तक्रार वाटेल. पण घरच्या मुलाला ‘साताऱ्याहून’ हा शब्द चुकीचा दिसूं लागावा आणि ‘सातार्‌याहून’ हा बरोबर, इतपत मजल कांहीं वर्षें खरोखर गेली होती.

२०१४ च्या शरदांत दोन्ही बाजूंनीं पाऊल पडलें, पण सारखें नव्हे. ऍपलनें आठव्या आवृत्तींत मराठीचा कळफलक दिला. म्हणजे मराठी लिहितां आली. अँड्रॉइडनें पांचव्या आवृत्तींत संबंध यंत्रच मराठी बोलेल अशी सोय केली. ‘सेटिंग’ उघडल्यापासून घड्याळाच्या गजरापर्यंत सारी भाषा मराठी. त्याच सप्टेंबरांत ‘अँड्रॉइड वन’ या नांवानें ६,३९९ रुपयांपासूनचे फोन मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांनीं बाजारांत आणले. पुढें २०१६ सालीं केंद्र सरकारनेंही भारतांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर भारतीय भाषा वाचतां आल्या पाहिजेत अशी आज्ञा काढली.

भाषा, किंमत, आणि तिसरें कारण दुरुस्तीचें. या मुलुखाला त्याचा एक जुना दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर बनविला तेव्हां लोखंडानें जमीन नासेल अशी शेतकऱ्यांत समजूत होती, असें सांगतात. समजूत भोळी खरी. पण तिच्यामागें एक शहाणा प्रश्नही असला पाहिजे. लांकडी नांगर मोडला तर गांवचा सुतार दुरुस्त करी. लोखंडाचा फाळ तुटला तर जावें कोठें? १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि त्या प्रश्नाचें उत्तर जवळ आलें. फोनचेंही तसेंच झालें. अँड्रॉइडची फुटलेली कांच बदलून देणारा कारागीर विट्यांत, फलटणांत, इस्लामपुरांत टेबल मांडून बसला. ऍपलचें स्वतःचें पहिलें भारतीय दुकान मुंबईस उघडलें तें एप्रिल २०२३ मध्यें, आणि पुण्यास सप्टेंबर २०२५ मध्यें.

एवढ्यावरून आयफोन घेणारे सारे डौलासाठीं घेत होते असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. २०१३ सालच्या आयफोन ५-एसला ऍपलनें जानेवारी २०२३ मध्यें सुरक्षेची दुरुस्ती पाठविली. त्याच काळांत घेतलेल्या स्वस्त अँड्रॉइड फोनांपैकीं बहुतेकांस एखादी दुरुस्ती मिळाली, कित्येकांस तीही नाहीं. तिसऱ्या वर्षीं ते रखडूं लागले आणि चौथ्या वर्षीं कपाटांत गेले. सहा हजारांचे तीन फोन आणि जुना घेतलेला एक आयफोन यांचा जमाखर्च मांडला असता तर कित्येक मध्यमवर्गीय घरांची निवड निराळी झाली असती. गूगल आणि सॅमसंग यांनीं आपल्या उंची फोनांना सात वर्षें दुरुस्त्या देण्याचें वचन २०२३-२४ मध्यें दिलें. पण ते फोन सहा हजारांचे नव्हते.

एक तिसरा मार्ग मध्येंच चमकून गेला. रिलायन्सनें २०१७ सालीं १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर जिओफोन काढला. दिसावयास बटणांचा, आंतून काय-ओएस नांवाच्या प्रणालीचा. वर्षभरानें त्यांत व्हॉट्सॲपही आलें. ज्यांच्या बोटांना कांचेवर सरकणें जमत नव्हतें त्यांच्यासाठीं ही तडजोड खरोखर माणुसकीची होती. २०२५ च्या आरंभीं या प्रणालीवरूनही व्हॉट्सॲप उठलें.

ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी सांगलीस आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांवर गेलें आणि शहराचे मोठे भाग दिवसचे दिवस विजेवांचून राहिले. साध्या फोनची बॅटरी चार-पांच दिवस चाले, स्मार्टफोनची एक दिवस. पण माडीवर अडकलेल्या माणसाचें नेमकें ठिकाण नकाशासह दुसऱ्यास धाडण्याची शक्ति स्मार्टफोनलाच होती. पुढच्या वर्षीं टाळेबंदींत शाळाच फोनमध्यें भरूं लागल्या. ज्या घरांनीं निवड लांबणीवर टाकली होती त्यांना ती त्या जूनमध्यें उरकावी लागली, आणि एका फोनवर दोन इयत्ता शिकूं लागल्या. मुलांच्या हातीं गेलेला फोन काढून घेणें मग अवघड झालें. कडेगांव तालुक्यांतील मोहित्यांचे वडगांव येथें २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून सायंकाळीं सातला देवळावर भोंगा वाजूं लागला: दूरचित्रवाणी आणि फोन दीड तास बंद, पोरांनीं अभ्यासास बसावें.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानें आपल्या रानांत उभें राहून पिकाचें छायाचित्र फोननें काढावयाचें, आणि तें सातबाऱ्याला जोडावयाचें. कर्ज, विमा, नुकसानभरपाई यांस ही नोंद उपयोगी. तें ॲप प्रथम निघालें तें अँड्रॉइडसाठीं. पूर्वीं तलाठी चावडींत बसून पीक लिही, तेव्हां खातेदाराच्या खिशांत काय आहे हें पाहण्याचें कारण नव्हतें. आतां एका यंत्रावरून अनेक खातेदारांच्या नोंदी होत हें खरें, म्हणून ज्याच्यापाशीं फोन नाहीं तो पुतण्याला घेऊन बांधावर जाई. परंतु बाजारांतली एक आवडनिवड येथें चावडीच्या दप्तरापर्यंत पोंचली. उलट दिशेचा एक प्रयत्न सांगितला पाहिजे: मार्च २०२२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें बटणाच्या फोनवरूनही यूपीआयनें पैसे देतां यावेत म्हणून ‘१२३ पे’ ही सोय जाहीर केली. अशी सोय चावडीच्या कामांतही व्हावयास हवी होती.

मापें हळूहळू जुळत आलीं आहेत, हें नाकारतां येणार नाहीं. २०११ सालीं नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. व्हॉट्सॲपवरील जुनीं बोलणीं अँड्रॉइडवरून आयफोनवर अधिकृतपणें हलवितां येऊं लागलीं तीं २०२२ मध्यें; तोंपर्यंत गेलेल्या वडिलांचा आवाज जुन्या फोनमध्यें आणि मुलगा नव्या फोनमध्यें, अशी ताटातूट किती घरांत झाली असेल याची गणती कोण करणार? युरोपच्या कायद्याच्या दडपणाखालीं ऍपलनें सप्टेंबर २०२३ च्या आयफोनला सर्वांसारखें चार्जिंगचें छिद्र दिलें, आणि शेजाऱ्याचा चार्जर पुन्हां चालूं लागला. ३१ मार्च २०२५ रोजीं १८.४ या आवृत्तींत आयफोनची सारी व्यवस्था मराठींत वाचतां येऊं लागली. त्याच दिवशीं बंगाली, गुजराती, कानडी, तामिळ यांसह आणखी नऊ भाषांनाही ती सोय मिळाली. अँड्रॉइडनें हें केलें त्यास तेव्हां दहा वर्षें उलटून गेलीं होतीं. विट्याच्या गलाई घरांतून आणि माण-खटावच्या वाड्यांतून पहिला स्मार्टफोन केव्हांच घेऊन झाला होता, आणि पुष्कळ ठिकाणीं त्याच्या जागीं त्याच प्रणालीचा दुसरा किंवा तिसरा आला होता.